वडाळ्याचे फेअरबँक

अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले. अहमदनगर जिल्ह्यातलं नेवाशाजवळचं वडाळा हे पुढे त्यांच्या कामाचं ठाणं झालं. गावोगाव उपदेशाला फिरताना त्यांचं लक्ष झाडांवरच्या पक्ष्यांकडेही असे. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर परिसरात गोळा केलेल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. त्याआधीच, १८६९ मध्ये, निसर्ग-अभ्यासक ब्लॅनफर्ड यांनी दक्षिणेकडच्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याला ‘फेअरबँकी’ हे नाव दिलं होतं. ते नाव आजही पक्षिशास्त्रात टिकून आहे. प्रवचनांचं भाग्य तेवढं नाही!

नगरकडच्या मिशनऱ्याचा पळणी डोंगराशी संबंध कसा? तर तिथलं कोडाईकनाल हे मदुराईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ पासून वसवलेलं थंड हवेचं ठिकाण. उन्हाळ्यात मैदानी भागातली मिशनरी कुटुंबं तिकडे जात. यात चैनीपेक्षा धास्ती अधिक होती, कारण कॉलरा आणि ताप कुणालाच सोडत नसत. अमेरिकन मराठी मिशनचे एक संस्थापक गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानेच गेले होते. मुलांच्या शिक्षणाचं दुखणं वेगळं. शाळेसाठी मुलं अमेरिकेला धाडायची आणि वर्षानुवर्षं पत्रांवर भागवायचं, असं कित्येक घरांत चाले. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी कोडाईकनालला शाळा निघाली ती १९०१ मध्ये.