दोन रकाने, एक माणूस

बँकेतली नोकरी सुटून बरीच वर्षं झाली. पण एक छापील तक्ता अजून डोळ्यांपुढून हलत नाही. १९८९ साल असावं. तालुक्याच्या गावी आमची शाखा पहिल्या मजल्यावर होती. डीआरआयची, म्हणजे चार टक्के व्याजाची कर्जप्रकरणं माझ्याकडे असत. एके दिवशी हातांत जुन्या चपला अडकवून, हातांवर जिना चढत एक गृहस्थ आले. पाय पोलिओनं गेलेले. हातानं चालवायच्या शिलाई मशीनसाठी कर्ज हवं होतं. प्रकरणात खोट नव्हती. अडचण विवरणपत्राची होती. त्यात ‘अनुसूचित जाती’ आणि ‘अपंग’ असे दोन वेगळे रकाने. एक कर्जदार एकाच ठिकाणी मोजायचा, नाहीतर बेरीज जुळत नाही.

मी विचारलं, “तुला कशात धरू?”

“साहेब, मी दोन्हीत आहे की. कुठला अर्धा सोडू?”

मी हसलो, ‘अपंग’मध्ये एक आकडा टाकला आणि बेरीज जुळवली. ते वयानं माझ्याहून मोठे होते आणि मी त्यांना ‘तुला’ म्हटलं होतं, हेही आता टोचतं.

हे आठवायचं कारण, गेले काही दिवस मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अपंग कार्यकर्त्यांविषयी वाचतो आहे. त्यांच्यातून नेतृत्व घडावं म्हणून तिथे खास प्रशिक्षणं चालतात. अपंगांसाठी शिबिरं असताना हे वेगळं कशाला, असं प्रथम मलाही वाटलं. उत्तर ब्रॅड लोमॅक्सच्या आयुष्यात सापडलं.

लोमॅक्स हा ब्लॅक पँथर पक्षाचा कार्यकर्ता. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे तो चाकाच्या खुर्चीत आला. ओकलंडमध्ये बसनं जायचं तर भावानं त्याला उचलून आत ठेवायचं आणि मग खुर्ची आणायची. शेजारच्या बर्कलीत अपंगांनीच चालवलेलं ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ १९७२ पासून होतं. १९७५ मध्ये लोमॅक्स त्याच्या प्रमुखांकडे, एड रॉबर्ट्स यांच्याकडे गेला आणि ईस्ट ओकलंडच्या काळ्या वस्तीतही असं केंद्र हवं, असं त्यानं मांडलं. चळवळ होती, पण त्याच्या वस्तीपर्यंत पोचलेली नव्हती.

मग एप्रिल १९७७ उजाडला. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगांशी भेदभाव करू नये, असं १९७३ च्या कायद्याच्या ५०४ व्या कलमात होतं. पण त्याचे नियम सहीवाचून अडले होते. ५ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभराहून अधिक अपंग माणसं शिरली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथेच राहिली. लोमॅक्स त्यांच्यात होता. त्याची देखभाल करणारा चक जॅक्सन हा पँथर कार्यकर्ता इतरांचीही सेवा करत होता. ब्लॅक पँथर पक्षानं रोज गरम जेवण पोचवलं. २८ एप्रिलला मंत्री कॅलिफानो यांनी सही केली. विजयाच्या पुढच्या कहाण्यांत मात्र लोमॅक्सचं नाव बराच काळ मागेच राहिलं. १९८४ मध्ये तो वारला.

जॉनी लेसी यांचा अनुभव याहून बोलका. नर्सिंग शिकताना त्यांना पोलिओ झाला. पुढे वेगळा अभ्यासक्रम घ्यायला गेल्या, तर विभागप्रमुख आडवे आले. लेसींनी त्यांना ऐकवलं, की मी केवळ स्त्री असते किंवा केवळ काळी असते, तर तुम्हाला हे करता आलं नसतं. मी अपंग आहे म्हणूनच तुमची हिंमत होते. याच लेसींनी पुढे कॅलिफोर्नियातल्या हेवर्डमधलं स्वतंत्र जीवन केंद्र चालवलं.

अशी केंद्रं चालवणाऱ्या मंडळावर बहुमत अपंगांचंच असावं, अशी तिथल्या कायद्याची अट आहे. बँकवाल्याला या अटीचं मोल लगेच कळतं: सही कोणाची, यावर सगळं ठरतं. पण बहुमत अपंगांचं असलं तरी त्यात काळी माणसं किती, हा प्रश्न उरतोच. प्रशिक्षणाची गरज इथे लागते. सभा कशी चालवायची, अंदाजपत्रक कसं वाचायचं, नगरपरिषदेपुढे दोन-तीन मिनिटांत आपलं म्हणणं कसं मांडायचं, हे शिकवावं लागतं. खुणांच्या भाषेचा दुभाषी, मदतनीस आणि सोपी भाषा ही तर पहिल्या दिवसाची तयारी. भाषण ठोकणं म्हणजे नेतृत्व, ही आपली समजूत तिथे चालत नाही.

जॉर्जियातल्या लोइस कर्टिस या कृष्णवर्णीय स्त्रीचं उदाहरण घ्या. मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व यांमुळे त्यांची वर्षानुवर्षं सरकारी संस्थांत गेली. मला बाहेर राहायचं आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की समाजात राहू शकणाऱ्याला विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभावच आहे. कर्टिस पुढे चित्रकार म्हणून जगल्या. २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या खटल्यामुळे असंख्यांना घरी राहण्याचा हक्क मिळाला.

आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. नाव आपण घेतलं. लोमॅक्स मात्र आपल्यापर्यंत आला नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. यादी लांबली, हे चांगलंच. पण दलित वस्तीतला अपंग माणूस मंडळावर, समितीवर, निर्णयाच्या टेबलाशी किती वेळा दिसतो?

त्या गृहस्थांनी हप्ता कधी चुकवला नाही. पुढच्या वर्षी आम्ही कर्जमेळाव्यात त्यांचा सत्कार केला. व्यासपीठाला पायऱ्या होत्या. दोन शिपायांनी उचलून त्यांना वर नेलं. हार घातला, फोटो झाला. दोन शब्द बोलायला त्यांनी माइककडे हात केला. वेळ कमी होता. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी पुढचं नाव पुकारलं.