पैसा कुणाचा, कंपनी कुणाची?



गणेशोत्सव असो की कोजागिरी, मंडळात हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "दादा, ॲपची आयडिया आहे, फंडिंग कुठून मिळेल?" बी. ई. झाल्यावर मी आठ वर्षं नोकरी केली. आता तीन वर्षांपासून इंदूरमध्येच एका मित्राबरोबर कोचिंग क्लासेसची हजेरी आणि फीचा हिशेब ठेवणारी ऑनलाइन सेवा चालवतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट, फंडिंग म्हणजे बक्षीस नाही. ती विक्री आहे आणि विकला जातो तो तुमच्या कंपनीचा हिस्सा. गेल्या वर्षी एका गुंतवणूकदाराने आम्हाला २० टक्के हिश्शासाठी ५० लाख रुपये देऊ केले. म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत अडीच कोटी. ऐकायला छान वाटतं, पण कागद-पेन घेऊन बसा. आम्ही दोघे निम्मे-निम्मे मालक, ते ४०-४० टक्क्यांवर येणार. पुढच्या फेरीत आणखी २० टक्के दिले की ३२-३२. शिवाय एक कलम होतं : कंपनी विकली, तर त्यांचे पैसे आधी परत. उद्या ती ६० लाखांतच विकावी लागली, तर ५० लाख त्यांचे आणि उरलेल्या १० लाखांत आम्ही दोघे.

बाबा म्हणाले, "लक्ष्मी दारात आली आहे, घ्या." आई म्हणाली, "नोकरी काय वाईट होती?" आम्ही नाही म्हटलं. क्लासेसच्या वर्गणीतून दोन मुलांचे पगार आणि सर्व्हरचा खर्च निघत होता. वेगाने वाढायची घाई गुंतवणूकदाराला होती, आम्हाला नव्हती.

या निर्णयाची किंमत आहेच. मी जुन्या पगाराच्या निम्मेच पैसे घरी आणतो. घराचा हप्ता बायकोच्या पगारातून जातो. आता भंवरकुआं भागात एक नवी कंपनी हीच सेवा वर्षभर फुकट देते आहे. आमचे सहा क्लासेस तिकडे गेले. बाकीचे टिकून आहेत, कारण फोन केला की आम्ही तासाभरात पोहोचतो. हे किती दिवस पुरेल, ते पुढचं वर्ष सांगेल.

मग फंडिंग घ्यावं की नाही? धंद्याचा स्वभाव बघा. २०१० साली सुरू झालेली झिरोधा कामथ बंधूंनी बाहेरचं भांडवल न घेता वाढवली. फ्लिपकार्टचं तसं नव्हतं. २००७ साली दोन मित्रांनी पुस्तकं विकायला सुरुवात केली, पण गोदामं आणि घरपोच वाहतूक देशभर उभी करायला परक्याचा पैसा लागणारच होता. २०१८ साली वॉलमार्टने तिचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलर्सना घेतला. नोकरी डॉट कॉम १९९७ साली सुरू झाली आणि बाहेरची मोठी गुंतवणूक आली २००० साली. आधी ग्राहक, मग गुंतवणूकदार.

सरकारी मदतही असते. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत, इन्क्युबेटरमार्फत, कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. अटी बदलत राहतात, म्हणून अर्जापूर्वी ताजी माहिती काढा.

आमच्या घरात ठरलेले तीन नियम सांगतो. राहतं घर आणि आजीचे दागिने गहाण ठेवायचे नाहीत. वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडायची नाही. आणि मित्राशी भागीदारी असली, तरी हिस्सा, पगार आणि वेगळं व्हायची पद्धत पहिल्याच महिन्यात कागदावर उतरवायची.

स्थळ बघताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. गुंतवणूकदार त्याहून सोपा समजू नका. त्याने आधी पैसे दिलेल्या दोन जणांना भेटा, विशेषतः ज्यांचा धंदा बुडाला त्यांना. त्या पडत्या काळात तो कसा वागला, ते त्यांच्याकडूनच कळेल.