गोरेगावच्या पाणीवाल्या बाई

बालमित्रांनो, तुमच्या घरी नळाला पाणी किती वाजता येतं? पहाटे चारला? की अजून विहिरीवरून आणावं लागतं? आईला विचारा, ती झोपेतसुद्धा वेळ सांगेल. घरातली ही पाण्याची धावपळ महापालिकेत आणि पुढे थेट विधानसभेत नेणाऱ्या एका बाईंची गोष्ट आज सांगते.

त्यांचं नाव मृणाल गोरे. माहेरच्या मोहिले. जन्म २४ जून १९२८. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या शिकत होत्या. पण राष्ट्र सेवा दलाच्या कामात अशा रमल्या, की शिक्षण अर्ध्यावर सोडलं. (मी पडले शिक्षिका! हे वाक्य कौतुकानं लिहिताना माझा हात जरा अडखळतोच.) १९४८ साली केशव गोरे या समाजवादी कार्यकर्त्याशी त्यांचं लग्न झालं आणि दोघं गोरेगावात राहू लागले.

आज गोरेगाव म्हणजे मुंबईच; पण तेव्हा तिथे चक्क ग्रामपंचायत होती. ताई तिच्यावर निवडून आल्या. १९५७ मध्ये हे गाव मुंबई महापालिकेत आलं आणि पुढच्याच वर्षी केशवराव वारले. ताई तेव्हा तिशीच्या, पदरी लहान मुलगी. १९६१ साली त्या नगरसेविका झाल्या.

तेव्हा उपनगरांत झोपडपट्ट्या भराभर वाढत होत्या. गिरण्या-कारखान्यांत काम करणारी माणसं राहणार तरी कुठे? पण नळ मागायला गेलं, की उत्तर मिळे, 'वस्ती अनधिकृत आहे, नळ देता येत नाही.' म्हणजे बघा हं, त्याच माणसांच्या कष्टावर शहर चालणार, पण घोटभर पाण्यासाठी नियम आडवा येणार! ताईंचं म्हणणं सरळ होतं. घर कायदेशीर असो वा नसो, तहान तर खरी आहे ना?

मग बायका रिकामे हंडे-कळश्या घेऊन कचेरीवर मोर्चे नेऊ लागल्या. साहेबांच्या दारात हंड्यांचा खणखणाट! ताई तेवढ्यावर थांबत नसत. कोणत्या वस्तीला किती नळ, पाइप कुठून येणार, हे सगळं विचारून त्या पाठपुरावा करत. मोर्चाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, अर्जामागून अर्जाचा कधी येत नाही. खरं काम तर तिथेच होतं. लोकांनीच त्यांना नाव दिलं, 'पाणीवाली बाई'.

१९७२ साली त्या विधानसभेत गेल्या. महाराष्ट्रात तेव्हा मोठा दुष्काळ होता. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळंच महाग आणि दुर्मीळ. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया महागाईविरुद्ध एकत्र आल्या. मृणालताई त्यांत पुढे होत्याच. हातात लाटणं घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. थाळ्या वाजवल्या. ज्यांनी आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती, त्यासुद्धा आल्या, बरं का!

१९७५ मध्ये देशात आणीबाणी आली. ताई भूमिगत झाल्या, म्हणजे पोलिसांना चुकवून काम करत राहिल्या. त्या वर्षअखेरीस पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत त्या लोकसभेवर निवडून आल्या, तर इंदिरा गांधी हरल्या. मुंबईकरांनी लगेच घोषणा केली, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' नव्या सरकारनं देऊ केलेलं मंत्रिपद मात्र ताईंनी घेतलं नाही.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या, पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. विरोधकांच्या हाती सत्ता नसते, मग त्यांनी करायचं काय? १९८६ मध्ये ताईंनी एक अशासकीय विधेयक मांडलं. मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेला कायद्याचा मसुदा म्हणजे अशासकीय विधेयक. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे तपासून मुलगी असेल तर तिला जन्मच न देणं, हा प्रकार बंद व्हावा अशी त्यांची मागणी होती. बाहेर महिला संघटना आणि डॉक्टरही याच प्रश्नावर झगडत होते. १९८८ साली महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशात सर्वांत आधी. साऱ्या देशासाठीचा कायदा १९९४ मध्ये झाला. तुमच्या वर्गात मुलींच्या बाकांवर जरा नजर टाका, म्हणजे हा कायदा कोणासाठी होता ते कळेल.

पाण्यानंतर घरांचा प्रश्न आलाच. बाबुराव सामंत आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ताईंनी 'नागरी निवारा परिषद' उभी केली. जमिनीसाठी वर्षानुवर्षं सरकारशी आणि कोर्टात झगडून गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीला, साध्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सहा हजारांवर घरं बांधली. ती वसाहत आजही तिथे नांदते आहे.

१७ जुलै २०१२ रोजी वसईत त्यांचं निधन झालं. तुमची आजी किंवा पणजी त्या काळी मुंबईत राहत असेल, तर तिला एकदा विचाराच, 'आजी, तू लाटणं घेऊन मोर्चाला गेली होतीस का गं?'