मुदतीपूर्वी जागा सोडण्याचा प्रसंग : भाडेकरू व्यापाऱ्याचे हक्क

व्यापाऱ्याचे भांडवल म्हणजे केवळ तिजोरीतील रोकड नव्हे. ज्या जागेत त्याची पेढी उभी असते, ती जागाही त्याचे भांडवलच होय. गिऱ्हाईक नावापेक्षा ठिकाण अधिक ओळखते. आपल्या बेळगावातील कित्येक सभासदांच्या दोन-दोन पिढ्या भाड्याच्या गाळ्यांत व वखारींत गेल्या आहेत. तथापि मुदत संपण्यापूर्वीच मालकाने ‘जागा खाली करा’ असे सांगितले, तर आपला हक्क कोणता, याचा विचार फार थोड्यांनी केलेला असतो. आम्हीही तो केला नव्हता. त्याचे मोल मोजून जे शिकलो, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

२००८ साली आम्ही एक वखार पाच वर्षांच्या कराराने घेतली. मालक घरोब्याचे होते. करार स्टॅम्पकागदावर लिहिला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. नोंदणीचा खर्च मात्र उभयतांनी वाचविला. २०११ च्या फाल्गुनात, नव्या ज्वारीची आवक चालू असता आणि पोत्यांच्या थप्प्या छपरापर्यंत गेल्या असता, पंधरा दिवसांची नोटीस हाती पडली. ‘अजून दोन वर्षांची मुदत बाकी आहे,’ असे म्हणत आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद पाहून एकच प्रश्न विचारला, “दस्त नोंदविला आहे काय?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. नोंदणी नसेल तर लिहिलेली मुदत न्यायालयात टिकत नाही. ताबा व भाडे यांवरून भाडेकरू केवळ महिनेमहाल ठरतो. अशी भाडेदारी कलम १०६ अन्वये पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने संपविता येते. २००२ च्या दुरुस्तीनंतर हे पंधरा दिवस नोटीस हाती पडल्यापासून मोजले जातात. याप्रमाणे आमची पाच वर्षे एका महिन्यावर आली.

दस्त नोंदविलेला असता, तर गोष्ट निराळी झाली असती. ठराविक मुदतीचा पट्टा मालकास केवळ नोटीस देऊन मध्येच संपविता येत नाही. भाडेकरूने कराराची एखादी अट मोडली आणि ती मोडल्यास जागा परत घेता येईल असे करारात स्पष्ट लिहिले असेल, तरच लेखी नोटीस देऊन त्यास तसे करता येते. भाडे थकल्याचे कारण असले, तरी कलम ११४ प्रमाणे सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज व दाव्याचा पूर्ण खर्च भरल्यास न्यायालय पट्टा वाचवू शकते. मालकाने जागा विकली, म्हणूनही पट्टा संपत नाही. खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो एवढेच. तसेच भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूस मुदतभर निर्वेध ताबा मिळाला पाहिजे, असे कलम १०८ सांगते. तो मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते. मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘उभय पक्षांस दोन महिन्यांच्या सूचनेने करार संपविता येईल’ असे कलम पुष्कळदा छापील मसुद्यात असते. त्यावर सही केल्यास लिहिलेली मुदत नाममात्र उरते.

आता कुलपाविषयी. पट्टा संपला, तरी मालकास स्वतः कुलूप ठोकण्याचा किंवा माल रस्त्यावर काढण्याचा अधिकार नाही. त्याने दावा लावून हुकूमनामा मिळविला पाहिजे. मुदत सरली तरी शांतपणे ताब्यात असलेल्या इसमास कायद्याच्या मार्गाखेरीज काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले आहे. कोणी बळजबरीने काढलेच, तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची, हा प्रश्न निघत नाही. ही सहा महिन्यांची मुदत कोणीही विसरू नये.

भाडेनियंत्रणाचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. आमच्या बेळगावात कर्नाटक भाडे कायदा, १९९९ आहे. पण चौदा चौरस मीटरांहून मोठ्या व्यापारी जागांस तो लागू नाही. म्हणजे बहुतेक वखारींचे संरक्षण त्यांच्या करारपत्रातच आहे. गोव्यात १९६८ चा वेगळा कायदा आहे. म्हणून दुसऱ्या गावच्या नातलगाचा अनुभव आपल्या गावी प्रमाण मानू नये.

आम्ही दावा लढविला नाही. वकिलांच्या मध्यस्थीने अडीच महिन्यांची सवड घेतली, अनामत रक्कम हाती आल्यावरच किल्ली दिली आणि माल हलविला. हमाली, गाडीभाडे आणि तुटलेली गिऱ्हाइके यांचा हिशेब पुढे मांडला, तेव्हा वाचविलेला नोंदणीखर्च त्यापुढे अगदीच क्षुल्लक ठरला.

यास्तव विनंती अशी की, वर्षाहून अधिक मुदत हवी असल्यास दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावा. भाड्याची पावती घ्यावी. मालक भाडे नाकारू लागल्यास ते मनीऑर्डरने अथवा बँकेमार्फत पाठवून पुरावा जपावा. नोटीस आल्यास पाकिटासह ठेवावी, मिळाल्याची तारीख लिहावी आणि त्याच आठवड्यात वकिलांस भेटावे. आपल्यापैकी जे स्वतः जागामालक आहेत, त्यांनीही हे ध्यानी घ्यावे. कारण आज भाडे घेणारा हात उद्या भाडे देणारा होऊ शकतो.

आम्ही व आमचे ते मालक आजही एकमेकांच्या घरी कार्यप्रसंगी जातो. परंतु पूर्वीचा मोकळेपणा राहिला नाही. घरोबा होता म्हणून आम्ही कागद टाळला; कागद असता, तर तो घरोबा कदाचित टिकला असता.