मनोरंजन उद्यानानंतर जेवायचे कुठे? दिल्लीत उत्तर मेट्रोच्या मार्गावर

नवी दिल्ली : दिल्लीच्या सहलीत मुलांना मनोरंजन उद्यानात नेणाऱ्या कुटुंबांपुढे सायंकाळी जेवणाचा प्रश्न हमखास उभा राहतो. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत आणि दमलेल्या मुलांसह फार भटकणेही शक्य नसते.

पूर्वी ही अडचण कमी होती. १९८४ मध्ये सुरू झालेले ‘अप्पू घर’ प्रगती मैदानावर, म्हणजे शहराच्या मध्यभागी होते. २००८ मध्ये ते बंद झाले. आता ‘वर्ल्ड्स ऑफ वंडर’ हे उद्यान नोएडात आहे. मात्र मेट्रोच्या ब्ल्यू लाइनमुळे जुनी खाद्यठिकाणे आवाक्यात राहिली आहेत.

नोएडा सेक्टर १८ स्थानकावरून गाडी न बदलता मंडी हाउस गाठता येते. तेथून बंगाली मार्केट पायी जाण्याच्या अंतरावर आहे. छोले-भटुरे, चाट आणि मिठाई मिळत असल्याने शाकाहारी कुटुंबांना आणि लहान मुलांना ते सोयीचे ठरते.

मांसाहारी कुटुंबांनी मंडी हाउसला व्हायलेट लाइन पकडावी. तिसरे स्थानक जामा मशीद. तेथील ‘करीम’ हे उपाहारगृह १९१३ पासून कोरमा व कबाबांसाठी प्रसिद्ध आहे.

घरात प्रत्येकाची आवड निराळी असल्यास राजीव चौकला यलो लाइन घेऊन आयएनए येथील ‘दिल्ली हाट’ गाठावे. तेथे विविध राज्यांचे पदार्थ एकाच आवारात मिळतात. प्रवेशासाठी तिकीट लागते.

मुले पेंगुळली असतील, तर मात्र सर्वांत कमी गाड्या बदलाव्या लागणारे ठिकाणच उत्तम.