संगणकावरील विषाणूचा तीव्र प्रादुर्भाव : निदान व निवारण

पूर्वी गावच्या सोसायटीचा सर्व कारभार चोपड्यांवर चालत असे. सभासदांची कर्जखाती, भागांची रक्कम, खतांचा साठा व रोजकीर्द ह्या सर्वांची नोंद चोपड्यांत असे आणि चोपड्या कपाटात असत. आता तीच माहिती संगणकात गेली आहे. प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांपैकी ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. शेतकरी उत्पादक कंपन्यांचा खरेदीविक्रीचा हिशेबही आता संगणकावर ठेवला जाऊ लागला आहे. ह्या सोयीबरोबर एक नवे संकटही आले आहे. चोपडीस वाळवी लागली तर काही पाने जातात. परंतु संगणकास विषाणूचा तीव्र प्रादुर्भाव झाला तर ऐन पीककर्जाच्या हंगामात सगळे दप्तर एका रात्रीत वाचता येईनासे होते. म्हणून ह्या संकटाचे स्वरूप व त्यावरील इलाज संस्थेचे सचिव, संचालक व सभासद ह्या सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

विषाणूचे स्वरूप

संगणकाचा विषाणू सजीव नसतो. तो माणसाने दुष्ट हेतूने लिहिलेल्या आज्ञांचा संच होय. अनोळखी ईमेलबरोबर आलेली फाइल, दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह, चोरून मिळविलेले सॉफ्टवेअर किंवा जुन्या प्रणालीतील उणीव ह्यांच्या वाटे तो आत शिरतो व एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरतो. ह्यांपैकी सर्वांत घातक प्रकार खंडणीखोर विषाणूंचा असून त्यांस रॅन्समवेअर म्हणतात. ते सर्व फाइलींना सांकेतिक कुलूप घालतात व किल्लीसाठी पैसे मागतात.

पिकांवरील विषाणुजन्य रोग ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ह्या संकटाची कल्पना चटकन येईल. भेंडीवरील केवडा पांढऱ्या माशीमार्फत आणि केळीवरील पर्णगुच्छ माव्यामार्फत पसरतो. रोग जडलेल्या झाडास पुन्हा निरोगी करील असे औषध नाही. म्हणून रोगट झाड समूळ उपटून नष्ट करावे, वाहक किडीचा बंदोबस्त करावा आणि नवी लागवड निरोगी बियाण्यापासून वा बेण्यापासून करावी, हीच रीत आहे. संगणकाच्या बाबतीतही क्रम हाच राहतो : आधी अलग करणे, मग समूळ सफाई आणि शेवटी निरोगी प्रतीवरून पुन्हा उभारणी.

एक बोधप्रद उदाहरण

ता. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेन देशातून जगभर पसरला. तेथे करविषयक हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीबरोबर तो आला होता. डेन्मार्कच्या मेर्स्क ह्या जहाज कंपनीचे संगणक काही तासांतच निकामी झाले. त्याचा फटका महाराष्ट्रासही बसला. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील ह्याच उद्योगसमूहाकडील टर्मिनलचे काम विस्कळीत झाले व कंटेनर खोळंबले.

कंपनीच्या संगणकजाळ्याचा संपूर्ण आराखडा सुमारे दीडशे मुख्य संगणकांवर ठेवलेला होता. ते सर्व एकमेकांची नक्कल ठेवीत. परंतु सर्व एकाच जाळ्यात जोडलेले असल्याने सर्वच नष्ट झाले. वाचला तो घाना देशातील एकच. हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटला होता. त्यावरील माहिती माणसाकरवी विमानाने इंग्लंडला नेण्यात आली व तिच्या आधारे पुनर्रचना सुरू झाली. सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

ह्यावरून हे उघड होते की, प्रती किती आहेत ह्यापेक्षा त्यांपैकी एक तरी सुटी ठेवलेली आहे की नाही, ह्यावर सर्व अवलंबून असते. घानामध्ये जे योगायोगाने घडले, ते संस्थेने नियमाने घडवून आणावे.

प्रादुर्भावाची लक्षणे

नेहमीच्या फाइली न उघडणे, त्यांच्या नावांपुढे अनोळखी अक्षरे दिसणे, पडद्यावर पैशांच्या मागणीचा मजकूर येणे, अँटिव्हायरस आपोआप बंद पडणे, कोणी हात न लावता पडद्यावरील बाण फिरणे, ही ठळक लक्षणे होत. नुसता संगणक मंद चालणे हे खात्रीचे लक्षण नव्हे. तरी तपासणी अवश्य करावी.

तातडीचे उपाय

१. संगणक ताबडतोब अलग करावा. इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे व कार्यालयातील इतर संगणकांशी असलेली जोडणी तोडावी. जोडणी तोडणे शक्य नसेल तरच वीजपुरवठा बंद करावा. कारण तपासास व क्वचित फाइली सोडविण्यास उपयोगी पडणारी माहिती संगणक बंद करताच पुसली जाते. अलग करण्याचे महत्त्व मोठ्या यंत्रणाही जाणतात. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय देयक निगमाने त्या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची काही काळ गैरसोय झाली, परंतु रोग पुढे सरकला नाही.

२. राखून ठेवलेली प्रत असलेली हार्ड डिस्क बाधित संगणकास चुकूनही जोडू नये. घाबरून केलेली ही एक चूक उरलेला आधारही घालविते.

३. पडद्यावरील मजकुराचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. दिवस, वेळ व त्या वेळी चालू असलेले काम कागदावर लिहून ठेवावे.

४. जिल्हा मध्यवर्ती बँकेस त्वरित कळवून ऑनलाइन व्यवहार थांबवावेत. मुख्य हिशेब दूरच्या मध्यवर्ती संगणकावर असला तरी तेथे प्रवेश करण्याचा पासवर्ड ह्याच यंत्रावर वापरला जातो, हे विसरू नये. सर्व पासवर्ड दुसऱ्या निरोगी संगणकावरून बदलावेत. पैसे गेले असल्यास १९३० ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार द्यावी व पोलिसांकडेही नोंद करावी.

५. खंडणी देऊ नये. पैसे देऊन किल्ली मिळेलच अशी शाश्वती नसते. नॉटपेट्याची रचना तर अशी होती की, पैसे भरले तरी फाइली परत मिळणे अशक्य होते.

सफाई व पुनर्स्थापना

तीव्र प्रादुर्भावात केवळ अँटिव्हायरस चालवून संगणक शुद्ध झाला असे मानू नये. दिसणारा विषाणू जातो, परंतु त्याने उघडलेली चोरवाट राहू शकते. म्हणून जाणकाराच्या मदतीने हार्ड डिस्क पूर्णपणे पुसून मूळ प्रणाली नव्याने बसवावी. सायबर स्वच्छता केंद्र हा केंद्र सरकारचा उपक्रम फेब्रुवारी २०१७ पासून सुरू असून तेथे तपासणीची साधने विनामूल्य मिळतात. सौम्य प्रादुर्भावात त्यांचा चांगला उपयोग होतो.

महत्त्वाच्या फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर डिस्क पुसण्यापूर्वी तिची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून, तीवर खूण करून ठेवावी. काही विषाणूंच्या किल्ल्या पुढे उपलब्ध होतात. युरोपातील पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या नो मोअर रॅन्सम ह्या संकेतस्थळावर त्या विनामूल्य दिल्या जातात.

त्यानंतर राखून ठेवलेल्या प्रतीवरून माहिती भरावी. ही प्रत प्रादुर्भावापूर्वीची आहे ना, हे आधी तपासावे. मधल्या दिवसांच्या नोंदी पावत्या व व्हाउचरांवरून पुन्हा कराव्यात. म्हणूनच संगणक आला तरी कागदी पावत्यांची फाइल नीट ठेवणे सोडू नये.

प्रतिबंधक उपाय

बियाण्याची जशी पेरणीपूर्वी सोय करून ठेवावी लागते, तशी प्रतीची सोय संकटापूर्वीच करावी लागते. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न साधनांवर असाव्यात व त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. छोट्या संस्थेने दोन हार्ड डिस्क घेऊन त्या आळीपाळीने वापराव्यात. प्रत काढून होताच डिस्क संगणकापासून काढावी व त्यांपैकी एक बाहेर सुरक्षित जागी ठेवावी. बियाण्याची उगवणशक्ती तपासतात त्याप्रमाणे महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहावी. न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

प्रणालीच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात. मे २०१७ मध्ये सुमारे १५० देशांत पसरलेल्या वॉनाक्राय विषाणूने ज्या उणिवेचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांस मोठा फटका बसला. विंडोज १० ह्या प्रणालीची सर्वसाधारण मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आहे. ती वापरणाऱ्या संस्थांनी बदलाची तजवीज करावी. कार्यालयाच्या संगणकावर करमणुकीची सॉफ्टवेअर घेऊ नयेत व बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये.

सोसायटीचे दप्तर म्हणजे शेकडो कुटुंबांची पत होय. संचालक मंडळाने प्रत काढण्याची व तपासण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे ठराव करून सोपवावी आणि प्रत्येक मासिक सभेत शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, हे विचारावे. एवढी दक्षता घेतल्यास विषाणूने यंत्र निकामी केले तरी सभासदांची खाती शाबूत राहतील.