समूहगानाआधी पट्टी ठरवा!

पंधरा ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांत समूहगानाची तयारी सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी थेट चाल पाठ करून घेतात. माझ्या मते आधी पट्टी ठरवायला हवी. पुरुष शिक्षक सवयीने काळी एकमध्ये पेटी धरतात आणि खालच्या स्वरांवर मुलांचे आवाज पार हरवतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना काळी चार किंवा पाच बहुधा सोयीची पडते. आठवी-नववीत काही मुलांचा आवाज फुटू लागतो. अशा मुलाला कृपया रांगेतून काढू नका, झेपेल त्या सप्तकात गाऊ द्या.

मग श्वास. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाणं तुटतं. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्यांनी तो वेगवेगळ्या जागी, पण शब्द न तोडता घ्यायचा. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल, तर आपण जास्त जोरात गातोय हे समजावं.

सरावासाठी संगीतकार वसंत देसाईंच्या चाली फार उत्तम. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतल्या त्यांच्या प्रार्थना आजही कितीतरी शाळांत म्हटल्या जातात. चाल संथ, शब्द सुटे, श्वासाला भरपूर जागा. तुमच्या शाळेत पुढचा सराव याच प्रार्थनांनी, काळी चारमध्ये सुरू करून बघा.